नवाहो मुलखातला पायी ट्रेक : तुमचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न : ऑगस्टमध्ये फिनिक्सला मुलाकडे जाणार आहोत. तिथून अ‍ॅरिझोनातल्याच कॅन्यन डी शे या घळीत दोन दिवसांचा ट्रेक करायचा विचार आहे. सांदण दरी आम्ही गाइडशिवाय केली आहे. इथे गाइड घ्यायलाच हवा का? (एक वाचक, पुणे)

हो, घ्यायलाच हवा. कॅन्यन डी शे १९३१ पासून अमेरिकेचं राष्ट्रीय स्मारक असलं, तरी जमीन नवाहो या तिथल्या मूळ आदिवासी लोकांचीच आहे. घळीच्या तळाशी आजही कुटुंबं राहतात, मका पिकवतात, मेंढ्या राखतात. वरच्या कड्यावरून गाडीने फिरून घळ बघायला गाइड लागत नाही, पण तळात उतरायचं तर अधिकृत नवाहो गाइड सोबत हवाच. आत मुक्काम करायचा असेल तर ज्याची जमीन त्याची परवानगी लागते, आणि ती गाइडच मिळवून देतो. म्हणून बुकिंग करताना ‘मुक्काम कोणाच्या जमिनीवर आणि परवाना कोण काढणार’ हे आधी विचारून घ्या.

नियमाइतकंच महत्त्वाचं कारण म्हणजे पाणी आणि वाळू. सांदणला पाऊस आला की डोक्यावर दिसतो. इथे आकाश निळं असतं आणि पूर येतो. पाऊस पडतो पूर्वेला चुस्का डोंगरात, आणि उघड्या खडकावर पडलेलं पाणी मुरत नाही, सरळ घळीत उतरतं. १२ ऑगस्ट १९९७ ला याच मुलखातल्या अ‍ॅन्टेलोप कॅन्यनमध्ये अशाच पुरात अकरा पर्यटक गेले. पाऊस झाला होता तो कित्येक किलोमीटर वरच्या अंगाला. म्हणून हवामानाचा अंदाज बघताना घळीच्या तोंडाशी असलेल्या चिनली गावाचा बघून भागत नाही, वरच्या अंगाचं सेली गाव आणि चुस्का डोंगर यांचाही बघावा. स्वच्छ वाहणारा ओढा एकाएकी गढूळ झाला, त्यात काटक्या आणि फेस यायला लागला की सामान गोळा करत बसू नका. घळीतून खाली पळूही नका. कडेला, उंचावर चढा. पण हे चढणंही सोपं नसतं. धूप थांबवण्यासाठी १९३० च्या दशकात इथे टॅमरिस्क आणि रशियन ऑलिव्ह ही परकी झाडं लावली गेली. त्यांनी काठ आवळून धरले, पाण्याने पात्र खोल कापलं, आणि काठ जागोजागी भिंतीसारखे उभे झाले. पात्रातून वर यायची जागा नेमकी कुठे आहे, हे रोज तिथे चालणाऱ्यालाच माहीत असतं.

दुसरा धोका रुतणाऱ्या वाळूचा. वसंतात वितळलेल्या बर्फाचं पाणी येतं तेव्हा आणि पुरानंतर वाळू पाण्याने फुगलेली असते. वरून ती टणक आणि चकचकीत दिसते, पाय ठेवला की गुडघ्यापर्यंत आत. ओढा ओलांडताना गाइडच्या पावलावर पाऊल टाका, मध्येच फोटोसाठी थांबू नका, आणि पाण्यात शिरण्याआधी सॅकचा कमरपट्टा सोडून ठेवा. पाय रुतलाच तर हिसका देऊन ओढू नका, वाळू आणखी घट्ट धरते. सॅक उतरवा, मागे रेलून वजन पसरा आणि पाय हळूहळू हलवत राहा. भोवती पाणी शिरलं की पकड सुटते.

आणखी एक, खास सह्याद्रीत वाढलेल्या ट्रेकरसाठी. तळात उतरणाऱ्या काही वाटांवर हातापायापुरत्या खोबणी कोरलेल्या आहेत. आपला काळा बसाल्ट भिजला तर निसरडा होतो, तुटत नाही. हा वालुकाश्म भिजला की ठिसूळ होतो आणि कडा हातात येते. पावसानंतर एक-दोन दिवस गाइड अशा वाटेला नाही म्हणाला, तर हट्ट करू नका. तारीख बदलता येत असेल तर सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर निवडा.

प्रश्न : पाणी वाटेत भरता येईल का? आम्ही शाकाहारी आहोत. (एक वाचक, नाशिक)

माणशी दिवसाला चार लिटर धरा आणि सगळं बरोबर न्या. ओढ्यात गुरंमेंढ्या उतरतात, शिवाय गाळ इतका की फिल्टर पटकन तुंबतो. पवनचक्कीवर चालणाऱ्या गुरांच्या विहिरींचं पाणी तर मुळीच पिऊ नका. नवाहो प्रदेशात युरेनियमच्या पाचशेहून अधिक खाणी सोडून दिलेल्या आहेत, आणि अनेक विहिरींत युरेनियम किंवा आर्सेनिक उतरलेलं आहे. ट्रेकिंगचा साधा फिल्टर ते काढत नाही आणि उकळूनही ते जात नाही.

उन्हात नुसतं पाणी पीत राहिलात तर घामातून गेलेलं मीठ भरून येत नाही आणि डोकं जड होऊन मळमळतं. ओआरएस ठेवा. ते नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ (चमचा चहाचा). खारे शेंगदाणे आणि तिखटमिठाच्या पुऱ्या इथे खरोखर उपयोगी पडतात.

जेवण गाइडकडून असेल तर बहुधा मटणाचा रस्सा आणि तळलेली फुगीर रोटी. ही रोटी कधी कधी डुकराच्या चरबीत तळतात, तेव्हा तेल कुठलं ते विचारा. निळ्या मक्याची लापशी मिळाली तर जरूर खा. तिच्यात जुनिपर या सदाहरित झाडाच्या पाल्याची राख घालतात आणि त्यातून भरपूर कॅल्शियम मिळतं. दारू नवाहो प्रदेशात बाळगायलाही बंदी आहे, गाडीच्या डिकीतसुद्धा नको.

प्रश्न : गाइडने सकाळी आठची वेळ दिली आहे. कोणते आठ? (एक वाचक, सध्या फिनिक्स)

बरं झालं विचारलंत, यात पुष्कळांची फसगत होते. अ‍ॅरिझोना उन्हाळ्यात घड्याळ पुढे करत नाही, नवाहो नेशन, म्हणजे नवाहो लोकांचा स्वशासित प्रदेश, करतो. मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत चिनलीत आठ वाजतात तेव्हा फिनिक्समध्ये सात. नवाहो प्रदेशाने वेढलेला होपी लोकांचा भाग पुन्हा अ‍ॅरिझोनाची वेळ पाळतो, त्यामुळे तिथून गेलात तर फोनवरची वेळ वाटेत पुन्हा पुन्हा बदलते. फोनची आपोआप बदलणारी वेळ बंद करा आणि डेन्व्हरची वेळ लावून ठेवा, चिनलीची वेळ तीच असते.

प्रश्न : फोटो काढलेले चालतात का? (एक वाचक, ठाणे)

निसर्गाचे खुशाल काढा. माणसं, घरं आणि जनावरं यांचे मात्र विचारल्याशिवाय नको, आणि ड्रोन अजिबात नको. जुन्या वास्तूंच्या आत शिरायचं नाही. वाटेत खापराचा रंगीत तुकडा दिसला तर तो बघा, पण उचलू नका. पुरातत्त्वीय ठेवा जपण्यासाठीच्या अमेरिकेच्या १९७९ च्या कायद्याने तो उचलणं गुन्हा आहे. उचलून दुसरीकडे ठेवलात तरी तो मुळात कुठे पडला होता ही माहिती कायमची जाते.