साडीवरचा बेल्ट, ३६ चं माप आणि 'रिटर्न नाकारण्यात आला आहे'

ताई, तुमची पोस्ट वाचली आणि माझा जुना राग परत वर आला. तुम्ही अमळनेरहून ऑनलाइन दोन बेल्ट मागवले, एक लग्नात साडीवर घालायला स्वतःसाठी, एक मिस्टरांसाठी. दोन्ही ३६ चे, दोन्ही टोकाच्या भोकातच जेमतेम लागतात, आणि परत करायला गेलात तर 'रिटर्न नाकारण्यात आला आहे' असा मेसेज. आमच्याकडे धुळ्यात भाचीच्या लग्नाच्या आधी हेच झालं होतं. मेसेजचे शब्दसुद्धा हेच.

रंग कोणता, बक्कल सोनेरी की चंदेरी, हे मी सांगत बसत नाही. लग्नाची साडी निवडणाऱ्या बाईला ते कळतंच. मापाचं बोलते.

बेल्टचं माप म्हणजे पट्ट्याची पूर्ण लांबी नव्हे. बक्कल जिथे पट्ट्यात दुमडून शिवलेली असते, म्हणजे तिची काडी जिथून निघते, तिथून मधल्या भोकापर्यंत जितके इंच, ते माप. पाच भोकं असतील तर तिसरं, सात असतील तर चौथं. चांगले कारखाने हेच माप छापतात. पण ऑनलाइन विकणारे काही लोक टोकापासून टोकापर्यंत, वर बक्कल धरून मोजतात आणि तोच आकडा 'साइज' म्हणून टाकतात. असा '३६' प्रत्यक्षात २९-३० कमरेलाच बसतो. तुमचं हेच झालं असणार. टेप लावून बघा आणि त्याचा फोटो काढून ठेवा, पुढे लागेल.

मिस्टरांच्या पॅन्टवरच्या आकड्यावरही विसंबू नका. ३४ लिहिलेली पॅन्ट टेपने मोजली तर पुष्कळदा ३६ भरते, कंपन्या गिऱ्हाइकाला खूश ठेवायला असं करतात. पॅन्टपेक्षा दोन इंच मोठा बेल्ट घ्यावा असं सांगतात, साधारण बरोबर आहे. पण खात्रीचा उपाय एकच: सध्या जो बेल्ट नीट बसतो तो काढा, काडीपासून रोजच्या भोकापर्यंत मोजा, तेच माप मागा. साडीसाठी मात्र साडी पूर्ण नेसून, निऱ्या खोचून, पदर लावून, वरून टेप फिरवायचा. काठाची जड साडी असेल तर दोन-तीन इंच सहज वाढतात. आणि माप जेवण झाल्यावर घ्या. लग्नात वरण-बट्टीच्या पंगतीला बसायचंय, हे विसरू नका.

आता आम्ही जिथून बेल्ट मागवला होता त्या कंपनीबद्दल. नाव घेत नाही, सगळ्यांना माहीत असलेलीच आहे.

पहिले काही दिवस चॅटवर यंत्रच बोलत होतं. मग माणूस आला. फोटो पाठवा, पाठवले. टेप लावून पाठवा, तसे पाठवले. मग म्हणे पार्सल उघडतानाचा व्हिडिओ द्या. पार्सल उघडताना व्हिडिओ काढायचा असतो, हे बेल्टच्या पानावर एका ओळीनेही लिहिलेलं नव्हतं. मी तसं कळवलं, तर उत्तर आलं की तुमची तक्रार सोडवण्यात आली आहे, आम्हाला किती तारे द्याल? पुन्हा तक्रार टाकली की नवा माणूस, आणि त्याला सगळं पहिल्यापासून सांगा.

शेवटी एकदाचा पिकअप मंजूर झाला. न्यायला आलेला मुलगा बिचारा चांगला होता. त्याच्या मोबाइलवर बेल्टचा फोटो होता, त्यात बक्कलला दोऱ्याने कागदी टॅग बांधलेला. आमच्या बेल्टला टॅग आलाच नव्हता. त्याने आधी बेल्टकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि लाल खूण दाबली. "मॅडम, माझ्या हातात काही नाही." कुरियरच्या ऑफिसात गेले तर तिथल्या साहेबांनी मान वर न करता सांगितलं, आमच्याकडे पिकअप रद्द दाखवतंय, कंपनीला विचारा. कंपनी म्हणाली, माल कुरियरवाल्यांनी तपासून नाकारलाय, त्यांना विचारा. या दोघांच्या मध्ये लग्नाची तारीख जवळ येत होती. मी शिक्षिका आहे, मुलांच्या खोट्या सबबी ऐकायची सवय आहे, पण इतक्या शांतपणे कोणी कधी मला फिरवलं नव्हतं.

याहून वाईट म्हणजे, तक्रार चालू असतानाच विक्रेत्याने पानावरचा मापाचा तक्ता बदलला. आधी 'कंबर ३६' असं होतं, नंतर तिथे 'एकूण लांबी ३६' झालं. आता कंपनी म्हणू लागली की पानावर तर स्पष्ट लिहिलंय. माझ्या लेकीने बेल्ट पसंत करताना त्या पानाचा स्क्रीनशॉट मला व्हॉट्सअॅपवर पाठवला होता, तो होता म्हणून वाचलो. तुम्ही पहिलं काम हेच करा. आत्ता, हे वाचता वाचता, ते पान उघडा आणि तक्त्याचा, वर्णनाचा, किमतीचा स्क्रीनशॉट घ्या.

दुसरं, परत करायचं कारण निवडताना 'माप बसलं नाही' यावर बोट ठेवू नका. ते निवडलं की तुमची पसंती बदलली असं धरून चालतात आणि मग त्यांच्या रिटर्नच्या अटी सुरू होतात. पानावर खरोखर 'कंबर ३६' लिहिलं असेल तर 'वर्णनाप्रमाणे वस्तू नाही' हे निवडा. लिहिलं नसेल तर खोटं मात्र करू नका, उगाच केस कच्ची होते. मी वकील नाही, पण हा भाग तेव्हा वाचून काढला होता. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे जाहिरातीत सांगितलेले गुण नसलेली किंवा सदोष वस्तू परत घ्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही. कंपनीने तक्रार अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क साइटवर द्यायचा असतो, त्या अधिकाऱ्याने तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याच्या आत करायचं असतं. हे पान साइटच्या अगदी तळाशी बारीक अक्षरात असतं. चॅट सोडा, थेट त्या अधिकाऱ्याला मेल करा: ऑर्डर नंबर, स्क्रीनशॉट, टेपचा फोटो, आणि दोनच वाक्यं. कहाणी लिहू नका. मी पहिल्या मेलमध्ये भाचीचं लग्नसुद्धा लिहिलं होतं, त्याचा कोणावर काही परिणाम झाला नाही.

तरी हलले नाहीत तर १९१५, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. मराठीत बोलता येतं. ते निकाल देत नाहीत, तुमची तक्रार कंपनीकडे पाठवतात आणि मागे लागतात, पण आमच्या प्रकरणात कंपनीचा आवाज तिथेच पहिल्यांदा बदलला. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग आहे, जळगावलाही आहे. वस्तूसाठी दिलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. बेल्टसाठी तिथपर्यंत जाल असं मी म्हणत नाही, पण मेलमध्ये आयोगाचा उल्लेख केल्याने काही बिघडत नाही. पैसे मूळ खात्यातच हवेत, हेही पहिल्याच मेलमध्ये लिहा. आमचे त्यांनी त्यांच्याच वॉलेटमध्ये टाकले, म्हणजे पुन्हा खरेदी तिथेच करा. तेही लग्न होऊन गेल्यावर.

हे झालं पैशाचं. लग्नाचं काय? त्या बेल्टची वाट बघू नका, ब्लाउज शिवणाऱ्याकडेच बेल्ट शिवून घ्या. ब्लाउजपीस उरला असेल तर त्याचा, नाहीतर काठाशी जुळणाऱ्या कापडाचा. दीड-दोन इंच रुंदीचा, आत बक्रमचं कडक अस्तर, मागे कमरेवर चार-पाच बोटं इलॅस्टिक, आणि बंद करायला हुक. वेल्क्रो लावू देऊ नका, रेशमाचे धागे ओढतो. धातूचा साखळीवाला कमरपट्टा घालायचाच असेल तर आतून मखमलीची पट्टी लावून घ्या, नाहीतर जरीत अडकतो आणि दिवसभर बाई एका हाताने तो सोडवत फिरते. रुंद, कडक, चामड्याचा बेल्ट साडीवर घालू नये असं माझं स्पष्ट मत आहे. फोटोत छान दिसतो, पंगतीत बसलं की बरगडीत घुसतो. उंची कमी असेल तर आणखी अरुंद घ्या, आणि बेल्ट पदराच्या वरून घ्या, म्हणजे पदर घसरत नाही. साडीवर बेल्टचा खरा फायदा तोच. पिना कमी लागतात.

घरात कोणी नाक मुरडेल. आमच्या सासूबाईंनी बघून विचारलं होतं, "हाई काय शे? पोलीसमा भरती व्हयनी का?" मी त्यांना त्यांच्याच लग्नातल्या चांदीच्या कमरपट्ट्याची आठवण करून दिली. शेजारच्या अजिंठ्याच्या चित्रांत बघा, बायकाच काय, पुरुषांच्याही कमरेला दागिना आहे. खान्देशात बाप्यांच्या कमरेला करदोडा असतोच. उलट पॅन्टला बेल्ट ही अलीकडची गोष्ट आहे. लेव्हाईजच्या ५०१ जीन्सला बेल्ट अडकवायच्या लूप १९२२ साली आल्या, त्याआधी लोक खांद्यावरून गॅलस लावून पॅन्ट धरून ठेवायचे. हे सासूबाईंना सांगितलं नाही.

मिस्टरांच्या आधीच्या बेल्टची एका उन्हाळ्यात सालं निघाली असं तुम्ही लिहिलंय. तो चामड्याचा नव्हताच, किंवा नावापुरता होता. 'जेन्युइन लेदर' असा शिक्का म्हणजे उत्तम चामडं असं नव्हे. कातडीचा वरचा घट्ट थर काढून घेतल्यावर खाली उरलेल्या थरावर प्लास्टिकचा लेप दिलेला मालही त्याच नावाने विकतात. चुरा चिकटवून केलेला पट्टा तर आणखी हलका. दुकानात बेल्टची कड बघा. मध्ये पुठ्ठ्यासारखा थर दिसला, किंवा कड जाड रंगाने लिंपून टाकलेली असली, तर सोडून द्या. आणि भोकाच्या आत डोकावून बघा, तिथे रंग देत नाहीत, आतला माल खरा दिसतो. पीयूचा, म्हणजे प्लास्टिकच्या नकली चामड्याचा बेल्ट घाम, दमट हवा आणि उष्णता यांनी आतून कुजतो, कपाटात नुसता ठेवला तरी. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो. अशा दिवसात बेल्ट उन्हात उभ्या गाडीत राहिला तर त्याचं काय होणार, तुम्हीच सांगा. खऱ्या चामड्यालाही हे मानवत नाही. घामेजला असेल तर कोरड्या कापडाने पुसून, बक्कलला अडकवून सावलीत लटकवायचा. गुंडाळी करून खणात कोंबायचा नाही.

ऑफिसच्या पॅन्टला ३० ते ३५ मिलिमीटर रुंदी पुरे. जीन्सला ३८-४० चालतो, पण तोच फॉर्मल पॅन्टच्या लूपमध्ये घुसवून लूप उसवून घेणारे माझ्या शाळेत दोघे आहेत. बूट-बेल्ट एका रंगाचे हवेत हे खरं, पण पायात सँडल असताना त्यावर वाद घालणाऱ्यांना माझा नमस्कार. कुर्त्यावर बेल्ट नको. शेरवानीवर तर नकोच.

टिकाऊ जीन्सचा बेल्ट हवा असेल तर एक आडवाटेचा सल्ला देते, पटला तर घ्या. दत्तजयंतीला सारंगखेड्याला घोडेबाजार भरतो, तिथे लगाम, खोगीर, घोड्याचे साज विकणारे येतात. त्यांच्याकडे चामड्याचा सरळ पट्टा मागा. घोडा ओढणार म्हणून बनवलेला माल असतो, पोट काय ओढणार? जाडी ४ मिलिमीटरपेक्षा जास्त नको, नाहीतर लूपमधून जात नाही. घरी आल्यावर नेहमीच्या बूट-चप्पल दुरुस्तीवाल्या काकांकडून बक्कल बसवून आणि पंचाने भोकं पाडून घ्यायची. भोक खिळ्याने पाडू नका, तिथून चीर जाते. आमच्या ह्यांचा असाच आहे. सुरुवातीला थोडा वास येतो, तो जातो.

पोस्टवरच्या प्रतिक्रियांत कोणीतरी बेंबीखाली सतत खाज येते असं लिहिलंय. मी डॉक्टर नाही, पण माझ्या बहिणीला तेच होतं आणि कारण बक्कल निघालं, त्यातल्या निकेलची अॅलर्जी. उन्हाळ्यात घामाने आणखी वाढते. शर्ट खोचून बक्कल आणि त्वचा यांच्यामध्ये कापड राहील असं बघा. बक्कलच्या मागे पारदर्शक नेलपॉलिश लावणं हा तात्पुरता उपाय, थोड्या दिवसांनी निघून जातो. चट्टे पडले असतील तर त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा, मेडिकलवरून आपल्या मनाने मलम आणून लावू नका.

आणि मिस्टरांचा तो सोललेला बेल्ट फेकण्याआधी बक्कल काढून ठेवा. दोन स्क्रू किंवा एक दाबाचं बटण असेल तर घरीच निघते, शिवलेली असेल तर काका कापून देतात. तिच्या आतल्या दांडीची लांबी मोजा. ३५ मिलिमीटर असेल तर ३५ चाच नवा पट्टा घ्या, बक्कलचा खर्च वाचतो.