हब डायनॅमोवर चार्जिंग : वाचकांचे प्रश्न

लांबच्या सायकल प्रवासात पुढच्या चाकाच्या मध्यभागी बसवलेल्या, चाक फिरताना वीज तयार करणाऱ्या हब डायनॅमोवरून फोन आणि इतर उपकरणं चार्ज करण्याबद्दल बरीच पत्रं आली आहेत. एकाच आशयाची पत्रं एकत्र करून उत्तरं देत आहोत.

प्रश्न : डायनॅमो ६ व्होल्ट, ३ वॅटचा आहे. फोनची बॅटरी ५००० एमएएच. दिवसभराच्या प्रवासात ती पूर्ण भरेल का?

सपाट रस्ता आणि बंद स्क्रीन, या दोन अटींवर भरेल. ५००० एमएएच म्हणजे साधारण १९ वॅट-तास. फोनच्या आत चार्जिंगमध्ये थोडी ऊर्जा उष्णतेत जाते, त्यामुळे केबलमधून २३-२४ वॅट-तास तरी पुरवावे लागतात. डायनॅमोवर छापलेला ३ वॅटचा आकडा ताशी १५ किलोमीटर वेगाचा असतो. चार्जरमधली, म्हणजे डायनॅमोची वीज यूएसबीजोगी करणाऱ्या डबीतली, घट वजा केली की त्या वेगाला हातात दोन ते अडीच वॅट उरतात, म्हणजे दहा तास धरा. ताशी २० ला चांगला चार्जर तीन-साडेतीन वॅट देतो आणि काम सात तासांवर येतं.

सरासरी वेगावरून हिशेब करू नका. ताशी ८ ने चढ आणि ३० ने उतार अशी १५ ची सरासरी पडली, तर चढावर जवळपास काहीच मिळत नाही. उतारावर जास्त मिळतं, पण उतार लवकर संपतो. घाटरस्त्याच्या दिवशी सपाटीच्या निम्मं मिळालं तरी ठीक म्हणायचं.

नकाशा दाखवत स्क्रीन सतत चालू असेल, तर फोन एक-दोन वॅट स्वतःच खातो आणि टक्केवारी जागेवर राहते. नकाशा आधी उतरवून घ्या, विमान मोड लावा, स्क्रीन वळणापुरती उघडा.

प्रश्न : फोन थेट चार्जरला जोडला की सिग्नलपाशी आणि चढावर चार्जिंग तुटतं, पुन्हा सुरू होतं. दर वेळी स्क्रीन पेटते. थोड्या वेळाने फोन चार्जिंग घेणंच बंद करतो. चार्जर खराब आहे का?

बहुतेक वेळा चार्जर ठीक असतो. ही जोडणीच फोनला मानवत नाही. हब डायनॅमोचा करंट अर्ध्या अँपिअरच्या आसपास बांधलेला असतो. वेग वाढला की व्होल्टेज वाढतं, करंट फारसा वाढत नाही. फोनला मात्र भिंतीवरच्या चार्जरची सवय. तो एक-दीड अँपिअर मागून बघतो, व्होल्टेज खाली बसतं, फोन जोडणी तोडतो आणि पुन्हा मागतो. दर वेळी स्क्रीन पेटल्याने मिळालेलं बरंचसं तिथेच खर्च होतं. काही फोन अशा चार-सहा प्रयत्नांनंतर केबल काढून पुन्हा लावेपर्यंत दाद देत नाहीत. काही जीपीएस यंत्रं पुरवठा तुटला की स्वतःला बंद करण्याची उलटी मोजणी सुरू करतात.

उपाय एकच : मध्ये छोटी पॉवर बँक ठेवा. दिवसभर डायनॅमोने पॉवर बँक भरायची आणि मुक्कामी तिच्यावर फोन लावायचा. ५००० एमएएचची पुरते. अशा दोन घेतल्या तर एक भरत असताना दुसरी वापरता येते. वीस हजारांची भलीमोठी बँक डायनॅमोवर दिवसेंदिवस अर्धवटच राहते.

पॉवर बँक निवडताना घरीच परीक्षा घ्या. लॅपटॉपच्या जुन्या यूएसबी पोर्टला ती जोडा. हा पोर्ट अर्धा अँपिअर देतो, म्हणजे डायनॅमोसारखाच. मग केबल दहा-बारा वेळा काढा-घाला. दर वेळी बटण न दाबता चार्जिंग आपोआप सुरू झालं पाहिजे. बटण मागणारी बँक प्रवासाला निरुपयोगी; पहिल्याच थांब्यानंतर ती गप्प बसेल आणि ते संध्याकाळी कळेल. भरताना त्याच वेळी बाहेर वीज देते का, हेही पाहा. जीपीएस सतत चालू ठेवायचा असेल तर हा गुण लागतोच, आणि तो सगळ्या बँकांमध्ये नसतो.

फक्त चार्जिंगची केबल, म्हणजे डेटाच्या तारा नसलेली किंवा फोनच्या बाजूला जोडून टाकलेली, बारकाईने तपासा. डेटाच्या तारा एकमेकींना जोडलेल्या असतील तर उपकरणाला वाटतं समोर मोठा चार्जर आहे, आणि ते जास्त करंट ओढू पाहतं. अशा वेळी साधी डेटा केबल लावून बघा. कित्येकदा तेवढ्यानेच तक्रार मिटते.

प्रश्न : दिवा लावून त्याच वेळी चार्जिंग करता येईल का?

रात्री नाही. दिवा आणि चार्जर समांतर जोडले की एलईडी दिव्याचं सर्किट व्होल्टेज सहाच्या आसपास धरून ठेवतं आणि चार्जरच्या वाट्याला किरकोळ काही उरतं. दिवा आणि चार्जर यांच्यामध्ये बदलाचं बटण बसवा, तेही दोन्ही तारा तोडणारं. एकच तार तोडणाऱ्या बटणात एक खोड आहे. काही हब आणि दिवे सायकलच्या फ्रेमचा परतीची तार म्हणून उपयोग करतात. चार्जरची ऋण बाजूही कुठे फ्रेमला टेकली, तर रेक्टिफायरची, म्हणजे चार्जरमधल्या एसीचं डीसी करणाऱ्या भागाची, अर्धी बाजू शॉर्ट होते. मग चार्जिंग निम्म्यावर येतं आणि दोष सापडता सापडत नाही. सगळीकडे दोन तारा वापरा, फ्रेमला विजेच्या कामातून वगळा.

प्रश्न : ब्रिज रेक्टिफायर, कपॅसिटर आणि ७८०५ लावून चार्जर घरी बनवला. सपाटीवर चालला, लांब उतारावर जळाला. काय चुकलं?

७८०५ म्हणजे ५ व्होल्ट स्थिर देणारा रेग्युलेटर, त्याची इनपुट मर्यादा ३५ व्होल्ट आहे. फोन भरला किंवा केबल निघाली की डायनॅमोवरचा भार जातो, आणि भार नसलेला हब उतारावर ही मर्यादा सहज ओलांडतो. तयार चार्जरमध्ये यासाठीच संरक्षण असतं. डायनॅमोची दोन टोकं शॉर्ट केली तरी तो बिघडत नाही, कारण करंट तेवढाच राहतो. म्हणून व्होल्टेज ठरावीक मर्यादेवर गेलं की टोकं शॉर्ट करणारं सर्किट हा उत्तम मार्ग. नुसता झेनर, म्हणजे ठरावीक व्होल्टेजच्या वरची वीज स्वतःत जिरवणारा डायोड, लावला तर २४ व्होल्टवर अर्धा अँपिअर म्हणजे १२ वॅट उष्णता. मोठा हीट सिंक नसेल तर तोही जाईल.

दुसरी अडचण वीज साठवून धरणाऱ्या कपॅसिटरची. बहुतेक हबमध्ये चुंबकाचे २६ किंवा २८ ध्रुव असतात. २८ इंची चाक ताशी १५ ला सेकंदाला सुमारे दोन फेरे घेतं, म्हणजे रेक्टिफायरनंतर सेकंदाला पन्नासच्या आसपास ठोके. अर्धा अँपिअर ओढताना १००० मायक्रोफॅरडवर दोन ठोक्यांमध्ये व्होल्टेज नऊ-दहाने खाली येऊ पाहतं. ४७०० लावला तर घसरण दोनच्या आसपास राहते. कपॅसिटर ६३ व्होल्टचा घ्या. ब्रिजमध्ये शॉट्की डायोड वापरले तर साध्या डायोडमध्ये जाणाऱ्या १.४ व्होल्टपैकी निम्मे वाचतात, आणि कमी वेगात तेवढेच महत्त्वाचे असतात.

७८०५ च्या जागी बक कन्व्हर्टर, म्हणजे व्होल्टेज उतरवून करंट वाढवणारं सर्किट, लावलं की ताशी २५ ला १२ व्होल्ट घेऊन ५ व्होल्टवर एक अँपिअरच्या जवळ जाता येतं. पण त्याची एक गोम आहे : इनपुट घसरलं की बक जास्त करंट मागतो, डायनॅमो तो देऊ शकत नाही, व्होल्टेज आणखी बसतं आणि सर्किट तळाशी अडकून राहतं. म्हणून आठ-नऊ व्होल्टखाली बंद राहील असाच कन्व्हर्टर निवडा. इतकी उठाठेव नको असेल तर तयार चार्जर बरा. ई-वेर्कमध्ये व्होल्टेज आणि करंट स्वतः ठरवता येतात. फोरुम्सलाडरमध्ये बॅटरी आतच असते, त्यामुळे थांब्यावरही पुरवठा तुटत नाही.

प्रश्न : चार्जिंग चालू असताना पेडल किती जड होतं?

विजेच्या ३ वॅटसाठी पायांना पाच-सहा वॅट जास्त द्यावे लागतात. सामानासकट ११० किलो वजन आणि ताशी १८ वेग धरला, तर हे दर किलोमीटरला एक मीटर जास्त चढण्याइतकं आहे. टायरमध्ये हवा कमी असेल तर याहून जास्त जातं.

प्रश्न : रात्रभर पाऊस लागला. सकाळपासून चार्जिंग शून्य. कुठून शोधायला लागू?

हबकडून वर या. सायकल थांबवून कनेक्टर काढा. चाक फिरत असताना उघडी टोकं धरली तर झटका बसतो. मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून हबच्या टोकांना लावा आणि चाक हाताने जोरात फिरवा. काही व्होल्ट दिसले तर हब ठीक. काहीच नसेल तर चाक थांबवून ओम मोजा. काही ओम यायला हवेत; अनंत आलं तर आतली गुंडाळी किंवा जोड तुटला आहे, आणि ते रस्त्यावर दुरुस्त होत नाही.

हब ठीक असेल तर कनेक्टर पुन्हा लावून चार्जरच्या टोकाशी तेच मोजमाप घ्या. इथे शून्य आलं तर तार तुटली आहे. ती बहुधा हँडल वळतं त्या जागी, फोर्कच्या वरच्या टोकाशी तुटते. बाहेरून वेष्टण शाबूत दिसतं. पूर्ण वळणाला ताण येणार नाही इतकी सैल तार तिथे सोडावी.

वीज चार्जरपर्यंत येत असेल तर यूएसबी पोर्टमध्ये डोकवा. ओल्या पोर्टमध्ये ५ व्होल्ट चालू राहिले की पिनांवर हिरवट थर चढतो, आणि हा दोष पाण्यापेक्षा विजेमुळे लवकर होतो. पावसात वापर नसेल तर बटण बंद ठेवा आणि पोर्टवर टोपी लावा. थर हलका असेल तर स्पिरिटमध्ये बुडवलेल्या बारीक ब्रशने निघतो. केबल पोर्टमध्ये शिरण्याआधी खाली झोका घेईल अशी बांधा, म्हणजे थेंब झोक्यावरूनच गळतील.

प्रश्न : कॅमेरा, टॅब्लेट, लॅपटॉप यांचं काय?

कॅमेऱ्याची बॅटरी ७-८ वॅट-तासांची असते, ती सपाटीवर तीन-चार तासांत होते. डोक्यावरच्या दिव्याच्या एका एए निकेल-मेटल-हायड्राइड सेलमध्ये जेमतेम अडीच वॅट-तास मावतात. टॅब्लेट पॉवर बँकेतून, दोन-तीन दिवसांत एकदा. लॅपटॉपची बॅटरी ५० वॅट-तासांच्या पुढे असते, तो डायनॅमोवर न्यायचा विचार सोडा. मुक्कामी प्लग शोधा.