ब्राउझर ओळखण्याऐवजी सुविधा तपासा

आपल्या कोडमध्ये यूजर एजंटच्या (ब्राउझर स्वतःची ओळख म्हणून सांगतो त्या) मजकुरात 'सफारी' हा शब्द सापडला की तारखेच्या रकान्यासाठी स्वतःचे कॅलेंडर लोड होते आणि क्रोममध्ये मात्र ब्राउझरचे आणि आपले अशी दोन-दोन कॅलेंडरे उघडतात, असा आपला प्रश्न आहे. याचे कारण साधे आहे: क्रोमही स्वतःच्या यूजर एजंटमध्ये 'सफारी' लिहितो, आणि एज तर 'क्रोम' व 'सफारी' ही दोन्ही नावे लिहून शेवटी स्वतःचे जोडतो.

ही सोंगे जुनी आहेत. फ्रेम्स (पानाचे वेगवेगळे चौकोनी भाग) असलेली पाने अनेक सर्व्हर फक्त तेव्हाच्या नेटस्केपला, म्हणजे यूजर एजंटमध्ये 'मोझिला' लिहिणाऱ्या ब्राउझरला पाठवत असत, म्हणून इंटरनेट एक्सप्लोररनेही स्वतःला मोझिला म्हणवून घेतले. आज जवळजवळ प्रत्येक ब्राउझरची ओळख 'मोझिला/५.०' अशीच सुरू होते. ऑपेराची दहावी आवृत्ती २००९ मध्ये आली, तेव्हा असंख्य संकेतस्थळे आवृत्तीचा पहिलाच अंक वाचून तिला 'एक' समजत होती, त्यामुळे ऑपेराला तिथे '९.८०' लिहावे लागले. २०१९ पासून आयपॅडवरील सफारी स्वतःला मॅक म्हणवते. तेव्हा या मजकुरावर निर्णय सोपवणे म्हणजे नावावरून माणसाचा पेशा ठरवण्यासारखे आहे.

आपल्याला खरे तर ब्राउझरचे नाव नको आहे. तारखेचा रकाना त्याला कळतो का, एवढेच हवे आहे. त्यासाठी स्क्रिप्टमधून एक इनपुट तयार करा, पानाला जोडू नका, त्याचा प्रकार 'डेट' करा आणि तोच प्रकार पुन्हा वाचून पाहा. ज्या ब्राउझरला तो ठाऊक नाही तो 'टेक्स्ट' असे उत्तर देईल. एवढ्यावर मी थांबत नाही, कारण नाव मान्य करणे आणि काम करणे यांत फरक असू शकतो. त्याच इनपुटमध्ये मुद्दाम निरर्थक अक्षरे भरा. तारीख खरोखर समजणारा ब्राउझर ती टाकून देतो आणि किंमत रिकामी येते. अक्षरे तशीच परत आली, तरच आपले कॅलेंडर लोड करा. मॅकवरील सफारीत तारीख निवडण्याची सोय २०२१ मध्ये १४.१ आवृत्तीत आली. ही तपासणी असती तर त्या दिवशी आपल्या कोडला हात लावावा लागला नसता.

तपासणी वापराइतकी खोल असावी, हे मी लोकल स्टोरेजवर (ब्राउझरमध्येच माहिती साठवण्याच्या सोयीवर) ठेच लागून शिकलो. जुन्या सफारीच्या खाजगी खिडकीत ते ऑब्जेक्ट दिसत असे, पण त्यात काही लिहू गेल्यास कोटा संपल्याचा अपवाद फेकला जाई आणि पुढची सगळी स्क्रिप्ट तिथेच थांबे. तेव्हापासून मी ट्राय-कॅचच्या (चूक झाली तरी स्क्रिप्ट थांबू न देणाऱ्या रचनेच्या) आत एक किल्ली लिहून, वाचून, पुसून पाहतो. क्लिपबोर्ड किंवा सर्व्हिस वर्कर (पानामागे चालणारी स्क्रिप्ट) 'नाही' असे उत्तर आले, तर ब्राउझरला जुना ठरवण्याआधी पान एचटीटीपीएसवर आहे का ते पाहावे, कारण या सुविधा सुरक्षित पानांवरच मिळतात.

नव्या वाक्यरचनेला मात्र ही युक्ती लागू पडत नाही. ऑप्शनल चेनिंग ('?.' ही नवी खूण) ठाऊक नसलेला ब्राउझर फाइल वाचतानाच अडखळतो, त्यामुळे त्याच फाइलमधली आपली 'इफ'ची अट कधी चालतच नाही. अशा वेळी नवा कोड 'मॉड्यूल' प्रकारच्या स्क्रिप्टमध्ये आणि जुना 'नोमॉड्यूल' लावून द्यावा (नवे ब्राउझर हा टाळतात, जुने पहिला टाळतात), पण मॉड्यूल कळणाऱ्या प्रत्येक ब्राउझरला ऑप्शनल चेनिंग कळतेच असे नाही, म्हणून ती बिल्डमध्ये, म्हणजे कोड प्रकाशित करण्याआधीच, जुन्या वाक्यरचनेत उतरवून घ्यावी.

यूजर एजंट मी अजूनही एकाच कारणासाठी वाचतो: सुविधा आहे, तपासणीत उत्तीर्णही होते, पण एखाद्या विशिष्ट आवृत्तीत ती चुकीचे चित्र रंगवते, आणि ते स्क्रिप्टला दिसत नाही. तेव्हाही आवृत्ती संख्येत बदलूनच तुलना करावी, कारण मजकूर म्हणून '१००' हे '९९' पेक्षा लहान ठरते.