इंटरनेट फोन घेताय? दर नंतर, लाइन आधी

आधी घरची इंटरनेट लाइन तपासा. जी.७११ कोडेकच्या (आवाज डिजिटल करण्याची एक प्रचलित पद्धत) एका कॉलला प्रत्येक दिशेने सुमारे ९० केबीपीएस लागतात, म्हणजे वेग बहुधा पुरतो. आवाज तुटतो तो जिटर (डेटाची पाकिटं पोहोचण्याच्या वेळेतला चढउतार) आणि पॅकेट लॉस (वाटेत हरवलेली पाकिटं) यांमुळे. जिटर ३० मिलिसेकंदांच्या आत आणि लॉस १ टक्क्याखाली हवा. घरात कोणी मोठी फाइल अपलोड करत असतानाच मोजा, खरी परीक्षा तेव्हा होते.

जुना फोनच वापरायचा असेल तर एटीए अडॅप्टर (साधा फोन इंटरनेटला जोडणारं छोटं उपकरण) लागेल. तो अनलॉक्डच, म्हणजे एकाच कंपनीला न बांधलेला घ्या, नाहीतर सेवा बदलली की निरुपयोगी ठरतो. राउटरला केबलने जोडा. एकाच बाजूचा आवाज येतोय किंवा कॉल ठराविक वेळाने तुटतोय? सगळ्यात आधी राउटरमधलं एसआयपी एएलजी (इंटरनेट कॉलच्या डेटात फेरबदल करणारी सेटिंग) बंद करून पाहा. वीज गेली की फोनही जातो, म्हणून मोडेम, राउटर, अडॅप्टर तिन्ही यूपीएसवर हवेत.

प्रवासासाठी त्याच खात्यावर मोबाइल अ‍ॅप चालतं का, हे विचारा. हॉटेलचं वाय-फाय कधीकधी ५०६० पोर्ट (इंटरनेट कॉल जोडण्याची नेहमीची वाट) अडवतं; अशा वेळी टीएलएसची, म्हणजे एन्क्रिप्टेड जोडणीची सोय (पोर्ट ५०६१) असेल तर कॉल लागण्याची शक्यता वाढते. काही देशांत इंटरनेट कॉलवर निर्बंध आहेत, तेही आधी बघा. बँकेचे ओटीपी अशा नंबरवर अनेकदा येत नाहीत, त्यामुळे सिमकार्ड सोडू नका. आपत्कालीन कॉल लागला तरी मदत केंद्राला नोंदवलेला जुनाच पत्ता दिसू शकतो. बाहेरगावी असे कॉल सिमवरूनच करा.

आणि जुना नंबर नव्या सेवेकडे पोर्ट झाल्याची खात्री होईपर्यंत जुनी फोन लाइन बंद करू नका. नंबर हातचा जाऊ शकतो.