लांब हाताचा गुआरे राजा

प्रश्न : मुलगा आयर्लंडात गॉलवेला जॉबला आहे. त्याने खाडीकाठच्या डनग्वेअर कॅसलचे फोटो पाठवले, म्हणतो सातव्या शतकातल्या गुआरे राजाचा आहे. पण आयर्लंडच्या राजांच्या लिस्टमध्ये हा सापडतच नाही. खरंच होता का?
– एक वाचक, फोंडा

उत्तर : होता हो, पण तुम्ही लिस्टच चुकीची धरलीत! गुआरे सगळ्या आयर्लंडचा नव्हे, पश्चिमेकडच्या कॉनाक्ट प्रांताचा राजा. तेव्हा प्रांताप्रांताला वेगळा राजा आणि त्यांच्या हाताखाली आणखी छोटे राजे, आपले गोव्याचे कदंब जसे कल्याणीच्या चालुक्यांना मानायचे तसंच काहीसं. आणि तो कॅसल बघाल तर 1520च्या आसपासचा, गुआरे गेला 663मध्ये, म्हणजे साडेआठशे वर्षांचा फरक! नाव तेवढं त्याचं. टुरिस्टला हे कोण सांगत बसणार म्हणा.

649मध्ये कार्न कॉनलच्या लढाईत डिअरमट नावाच्या दुसऱ्या आयरिश राजाने त्याला हरवलं. जुन्या बखरींत त्याच्याबद्दल असल्या त्रोटक नोंदीच आहेत, लोकांच्या तोंडी मात्र तो दानशूर म्हणून राहिला, देऊन देऊन उजवा हात डाव्यापेक्षा लांब झाला म्हणे. लढाईनंतरची कथा तर भारीच आहे. गुआरे शरण आला, जमिनीवर उताणा पडला आणि डिअरमटच्या तलवारीचं टोक त्याच्या दातांत. तशात डिअरमटने त्याची परीक्षा घ्यायची ठरवली, हा देवासाठी देतो की वाहवा मिळवायला? आधी विदूषकाला मागायला लावलं, गुआरेने ढुंकून पाहिलं नाही. मग एक कुष्ठरोगी आला, त्याला पडल्यापडल्या अंगावरची सोन्याची पिन काढून दिली. डिअरमटच्या माणसांनी ती हिसकावली, तो बिचारा रडत परत आला तर गुआरेने कमरेचा पट्टापण देऊन टाकला. शेवटी डिअरमटनेच त्याला उठवलं. आता ही कथा नंतर रचलेली, इतिहास म्हणून धरू नका, पण हरलेल्या राजाला लोकांनी जिंकवलं कसं ते त्यात दिसतं.

मुलाला सांगा, कॅसल झाला असेल तर गॉर्टला जा, त्या गावाच्या जुन्या आयरिश नावात गुआरे आहे. जवळच किलमॅकडूचा मठ आहे, परंपरेप्रमाणे गुआरेनेच दिलेल्या जागेवरचा. तिथला उंच गोल मनोरा थोडा कललेला आहे, फोटो तिथलाच काढा म्हणावं.