वाचकांचे प्रश्न : कानाच्या आतला शंख

या महिन्यात रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांतून आलेल्या पत्रांपैकी चार पत्रांचा रोख आतल्या कानाकडे आहे, म्हणून ती एकत्र घेतली आहेत.

प्रश्न : किनाऱ्यावरचा मोठा शंख कानाला लावला की समुद्राची गाज ऐकू येते. शाळेच्या पुस्तकात कानाच्या आतही शंखासारखा भाग दाखवलेला असतो. दोघांचे काम एकाच तत्त्वावर चालते का? आणि त्याला वेढे कशासाठी असतात? (एक शिक्षिका, देवगड)

उत्तर : आकार सारखा असला तरी काम अगदी निराळे आहे. किनाऱ्यावरच्या शंखात हवा असते. भोवतालचे जे बारीकसारीक आवाज एरवी आपल्या लक्षातही येत नाहीत, त्यांतील काही कंपने त्या पोकळीत घुमून मोठी होतात आणि आपल्याला ती गाज वाटते. आवाजबंद खोलीत हाच शंख जवळजवळ गप्प राहतो. कानातला शंख, म्हणजे कॉक्लिया, द्रवाने भरलेला असतो आणि एकत्र आलेले उंच-खालचे स्वर वेगवेगळे करणे हे त्याचे मुख्य काम असते.

कानशिलाच्या हाडाच्या अत्यंत टणक भागात कोरलेली ही नळी मधल्या हाडाच्या खांबाभोवती सुमारे अडीच वेढे घेते. सरळ केली तर तिची लांबी साधारण ३५ मिलिमीटर भरेल. आतील दोन लांबट पडद्यांमुळे तिचे तीन मार्ग होतात. वरचा आणि खालचा मार्ग शिखरापाशी एका छिद्राने एकमेकांना जोडलेले असतात व त्यांत एकाच प्रकारचा द्रव असतो. मधल्या मार्गातील द्रव मात्र वेगळा, पोटॅशियमने समृद्ध असतो, आणि त्याचा विद्युतदाब शेजारच्या द्रवापेक्षा सुमारे ८० मिलिव्होल्टने अधिक राखलेला असतो. आवाज येण्याआधीच ऐकण्यासाठी लागणारी वीज तिथे तयार असते, ही गोष्ट मला या साऱ्या रचनेत सर्वांत विलक्षण वाटते.

आवाज हवेतून येतो आणि ऐकायचे तर द्रवात शिरायचे, ही इथली खरी अडचण आहे. खाडीत बुडी मारलेल्या माणसाला काठावरची हाक जेमतेम पोहोचते, कारण हवेतील ध्वनीची बहुतेक सगळी ऊर्जा पाण्याच्या पृष्ठभागावरून परत फिरते. मधल्या कानातील हातोडी, ऐरण आणि रिकीब ही तीन हाडे हीच अडचण सोडवतात. कानाच्या पडद्यावर पडलेला जोर कॉक्लियाच्या तोंडाशी असलेल्या, त्या पडद्याच्या सुमारे सतराव्या हिश्शाएवढ्या खिडकीवर एकवटल्याने आणि हाडांच्या तरफेमुळे दाब वीसपटीहून अधिक वाढतो. रिकीब त्या खिडकीवर आत-बाहेर हलली की द्रव हलतो. द्रव दाबला जात नसल्यामुळे त्याला वाट करून देण्यासाठी दुसऱ्या टोकाला पातळ पडद्याची एक गोल खिडकी असते, आणि ती त्याच वेळी बाहेर फुगते.

आता वेढ्यांविषयी. मधल्या मार्गाच्या तळाशी असलेला पडदा खिडकीपाशी अरुंद व ताठ, तर शिखराकडे रुंद व सैल असतो. नळी निमुळती होत जाते आणि पडदा मात्र पसरत जातो. त्यामुळे उंच स्वराची लाट खिडकीजवळच उसळून विरते आणि खर्जाची लाट शिखरापर्यंत जाते. ही लाट गेओर्ग फॉन बेकेशी यांनी मृतांच्या कानांतील कॉक्लियात सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्यक्ष पाहिली, आणि त्या कामासाठी त्यांना १९६१ चे नोबेल पारितोषिक मिळाले. ही विभागणी सरळ नळीतही झाली असती. पक्ष्यांची कॉक्लिया जवळपास सरळच असते आणि त्यांना स्वर उत्तम ओळखता येतात. तेव्हा वेढ्यांचा पहिला फायदा जागेचा आहे. वळणामुळे खालच्या स्वरांना थोडी मदत होते, असेही काही संशोधकांचे गणित सांगते. विद्यार्थ्यांना मात्र आधी पडद्याची रुंदी समजावून सांगावी. वेढे लक्षात राहतात, आणि पडदा बहुतेकांच्या स्मरणातून निसटतो.

प्रश्न : दाभोळच्या खाडीत फेरीबोटीत बसले तरी मला मळमळते. याला हाच शंख कारणीभूत आहे का? (वाचक, गुहागर)

उत्तर : नाही, त्याचा शेजारी. कॉक्लियाला लागूनच तीन अर्धवर्तुळाकार नलिका आणि दोन लहान पिशव्या असतात. डोके कुठे वळले, कुठे झुकले याची वार्ता त्या देतात. बोट हलते आहे असे त्या सांगतात आणि बोटीच्या आत खिळलेले डोळे सगळे स्थिर असल्याचे सांगतात, त्या विसंगतीतून मळमळ होते. बाहेर, समोरच्या किनाऱ्याकडे पाहत बसावे.

प्रश्न : माझे वडील हर्णै बंदरातल्या एका लाँचवर पंचवीसहून अधिक वर्षे इंजिन सांभाळत आहेत. त्यांना हाक ऐकू येते, पण बोललेले नीट कळत नाही. लिलावात तर फार गोंधळ होतो. मासेमारी बंदीच्या जून-जुलै महिन्यांत कानांना विश्रांती मिळून ते सुधारतील, असे ते म्हणतात. लसूण घालून कढवलेले तेलही कानात सोडतात. याचा उपयोग होईल का? (वाचक, हर्णै)

उत्तर : वडिलांना प्रत्यक्ष तपासल्याशिवाय निदान करता येणार नाही, पण आपण केलेले वर्णन मोठ्या आवाजाने कॉक्लियाला होणाऱ्या इजेशी जुळते.

कॉक्लियाच्या मधल्या मार्गाच्या तळाशी असलेल्या, मघाशी उल्लेखिलेल्या पडद्यावर केसपेशी बसलेल्या असतात. आल्फोन्सो कोर्ती यांनी १८५१ मध्ये वर्णन केलेली ही रचना त्यांच्याच नावाने ओळखली जाते. आतल्या बाजूला केसपेशींची एक ओळ असते, सुमारे साडेतीन हजारांची. बाहेर बहुधा तीन ओळी, सुमारे बारा हजारांच्या. पडदा हलला की पेशींवरचे सूक्ष्म केस कलतात, त्यांच्या टोकांशी असलेली दारे उघडतात, पोटॅशियम आत शिरते आणि पेशीत विद्युतबदल होतो. मेंदूकडे जाणाऱ्या बहुतेक साऱ्या तंतूंना संदेश देतात त्या आतल्या पेशी. बाहेरच्या पेशी प्रत्येक कंपनाबरोबर स्वतः आखूड-लांब होतात आणि पडद्याची हालचाल वाढवतात. बारीक आवाज ऐकू येणे आणि जवळजवळचे दोन स्वर वेगळे कळणे या दोन्ही गोष्टी त्यांच्यावर अवलंबून असतात. मोठ्या आवाजाने आधी याच बाहेरच्या पेशी मरतात, आणि माणसात मेलेली केसपेशी पुन्हा उगवत नाही.

ही हानी बहुधा ४००० हर्ट्झच्या आसपासच्या स्वरांपासून सुरू होते, म्हणजे खिडकीकडच्या भागात. मराठीतील अ, आ यांसारख्या स्वराक्षरांचा जोर मुख्यतः खालच्या पट्टीत असतो. स, श यांसारख्या व्यंजनांचा वरच्या. त्यामुळे शब्दाचा आवाज पोहोचतो, पण त्याची ओळख पटवणारे व्यंजन गळते. लिलावात पुकारलेल्या ‘साठ’मधला ‘स’ गळला की ‘आठ’ उरतो, आणि भाव पार बदलून जातो. भोवती गलबला असेल तर जे थोडे पोहोचते तेही बुडते. अशा माणसाशी ओरडून बोलल्याने फारसे साधत नाही. समोर येऊन, तोंड दिसेल असे, सावकाश बोलावे.

बंदीच्या महिन्यांबद्दल वडिलांचे म्हणणे अर्धे बरोबर आहे. फेरीवरून परतल्यावर कान दडे बसल्यासारखे होणे, शिट्टीसारखा आवाज येत राहणे, हा तात्पुरता परिणाम काही तासांत किंवा दिवसांत ओसरतो. त्यानंतर उरते ते दोन महिन्यांनीही उरलेलेच असते. शिवाय २००९ मध्ये उंदरांवर झालेल्या एका अभ्यासात असे दिसले, की ऐकण्याची पातळी पूर्ववत झाल्यावरही केसपेशी आणि तंतू यांच्यातील कित्येक जोड कायमचे तुटलेले होते. ‘बरे वाटले’ यावर म्हणूनच विसंबू नये.

विश्रांतीपेक्षा मोलाचा आहे तो पुढचा हंगाम. दिवसाला आठ तास ८५ डेसिबल ही सावधगिरीची मर्यादा मानली जाते आणि दर ३ डेसिबलना वेळ निम्मा होतो. १०० डेसिबलला ती १५ मिनिटे उरते. बंद इंजिनखोलीत ही मर्यादा सहज ओलांडली जाऊ शकते. इंजिनाजवळ जाताना कान पूर्ण झाकणारे इअरमफ वापरावेत. कापसाचा बोळा जवळजवळ निरुपयोगी आहे. तांडेलाची हाक ऐकू येणार नाही अशी भीती असेल तर हाताची खूण किंवा दिवा ठरवून घ्यावा.

तेलाविषयी स्पष्ट सांगतो : कानाचा पडदा शाबूत असेल तर तेल कॉक्लियापर्यंत पोहोचतच नाही, आणि पडद्याला छिद्र असेल तर ते मधल्या कानात जाऊन संसर्गाला निमित्त होते. ते बंद करावे. कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून कान तपासून ऑडिओमेट्री (ऐकण्याच्या पातळीची मोजणी) करून घ्यावी. श्रवणयंत्राने बराच फरक पडू शकतो. मात्र एखाद्याचा एकच कान अचानक, काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत बधिर झाला, तर त्याने हंगामाची वा सुट्टीची वाट न पाहता लगेच डॉक्टरांकडे जावे. त्या दुखण्यात उपचाराचे पहिले काही दिवसच महत्त्वाचे असतात.

प्रश्न : आमच्या नातीच्या जन्मानंतर दुसऱ्या दिवशी कानाची तपासणी झाली आणि ‘पुन्हा तपासा’ असा कागद हाती दिला. बाळ तर झोपलेले होते. झोपलेल्या बाळाला ऐकू येते की नाही, हे यंत्राला कसे कळले? (एक आजी, कुडाळ)

उत्तर : कारण कॉक्लिया आवाज ऐकतो तसा तो थोडा बाहेरही सोडतो. कानात काहीतरी सक्रिय वर्धन चालत असावे, असा तर्क थॉमस गोल्ड यांनी १९४८ मध्ये मांडला होता, पण तेव्हा तो फारसा कोणी मानला नाही. १९७८ मध्ये डेव्हिड केम्प यांनी कानातून परत येणारा तो क्षीण आवाज मायक्रोफोनने टिपला. वर सांगितलेल्या बाहेरच्या केसपेशींच्या हालचालीचा तो अंश असतो. आपल्या नातीच्या कानात लहानशी नळी ठेवून टिकटिक ऐकवली गेली आणि असे उत्तर येते का ते पाहिले गेले. बाळ जागे असण्याची गरज नसते. उलट झोपलेले असेल तर बरे.

पहिल्या एक-दोन दिवसांत कानाच्या नळीत चिकट द्रव राहिलेला असतो आणि त्यानेही उत्तर अडते. तेव्हा त्या कागदावरून बहिरेपणाचा निष्कर्ष काढू नका, पण तो कागद पेटीत ठेवूनही देऊ नका. पहिली चाचणी महिन्याच्या आत, पक्के निदान तीन महिन्यांपर्यंत आणि गरज असल्यास उपचाराची सुरुवात सहा महिन्यांपर्यंत व्हावी, असा दंडक आहे. फेरतपासणीतही उत्तर आले नाही, तर बेरा ही मज्जातंतूची चाचणी करतात. जन्मतः जास्त कावीळ झालेल्या किंवा अतिदक्षता विभागात राहिलेल्या बाळांची बेरा आधीच करावी, कारण केसपेशी ठीक असून पुढच्या तंतूत दोष असेल तर पहिली चाचणी तो दाखवत नाही.

दोन्ही कानांत तीव्र दोष निघाला आणि श्रवणयंत्र पुरले नाही, तर कॉक्लियर इम्प्लांटचा मार्ग असतो. त्यात कॉक्लियाच्या खालच्या मार्गात विद्युताग्रांची बारीक तार सरकवून तंतूंना थेट चेतना दिली जाते. दिव्यांगांना साहाय्यक साधने देणाऱ्या केंद्र सरकारच्या आडिप योजनेतून लहान मुलांना यासाठी साहाय्य मिळते आणि त्याचे काम मुंबईत वांद्रे येथील अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेमार्फत पाहिले जाते. सध्या मात्र आपल्याला एवढेच करायचे आहे : बाळ महिन्याचे होण्याआधीची तारीख घ्या, आणि दूध पाजून, झोपवूनच त्याला तपासणीला न्या.