नवीन टाकीत एकेक मासा मरतोय, काय करू?

टाकी लावून दोन आठवडे झाले, पाणी अगदी नितळ दिसतं, तरी मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करतात आणि सकाळी एखादा मेलेला सापडतो, दुकानात सांगतायत औषध टाका आणि सगळं पाणी बदला, असं तुम्ही लिहिलंय. कृपा करून सध्या औषध टाकू नका, आणि टाकी रिकामी करून घासून काढणं तर अजिबात नको. अंगावर ठिपके, जखमा, कापसासारखं काही नसेल तर मासे बहुतेक आजारी नाहीयेत, पाण्यात अमोनिया हा विषारी पदार्थ साठलाय. तो डोळ्याला दिसत नाही, त्यामुळे पाणी नितळ आहे यावरून काहीच कळत नाही.

होतं काय, मासा कल्ल्यांमधून सतत अमोनिया सोडत असतो, शिवाय विष्ठा आणि उरलेलं खाद्य कुजून त्यात भर पडते. जुन्या टाकीत फिल्टरच्या स्पंजवर बॅक्टेरिया असतात, ते अमोनियाचं नायट्राइट करतात, मग दुसरे काही त्या नायट्राइटचं नायट्रेट करतात, आणि नायट्रेट मासे बऱ्यापैकी सहन करतात. तुमच्या टाकीत हे बॅक्टेरिया अजून पुरेसे तयारच झालेले नाहीत, त्याला साधारण 4 ते 6 आठवडे जातात आणि तोपर्यंत फिल्टर फक्त पाणी फिरवतो. नायट्राइट पण वाईटच, ते रक्तात गेलं की रक्त ऑक्सिजन नीट वाहून नेत नाही, कल्ले लाल दिसायच्या ऐवजी तपकिरी दिसायला लागतात आणि पाण्यात हवा भरपूर असूनही मासा धापा टाकतो.

म्हणून पहिलं काम, अमोनिया आणि नायट्राइटचं लिक्विड टेस्ट किट आणा. पाण्यात बुडवायच्या टेस्ट पट्ट्या सोप्या वाटतात पण मला त्यांचा भरवसा नाही, आणि बऱ्याच पट्ट्यांवर अमोनिया नसतोच. मी वापरतो त्या किटमध्ये नळीत टाकीचं पाणी घ्यायचं, थेंब टाकायचे, हलवून पाच मिनिटं ठेवायचं, पिवळं राहिलं तर अमोनिया शून्य, हिरवट झालं तर आहे, आणि जेवढं गडद हिरवं तेवढा जास्त. 0.25 पीपीएमच्या (म्हणजे दहा लाख भागांत किती भाग) वर आकडा गेला की त्याच दिवशी 25-30 टक्के पाणी बदला, 1 च्या आसपास असेल तर निम्मं. सध्या हे रोज करावं लागलं तरी करा, बॅक्टेरिया पाण्यात फारसे नसतात, स्पंजवर आणि खडीवर असतात, त्यामुळे पाणी बदलल्याने ते जात नाहीत. pH (पाणी किती आम्लधर्मी की अल्कधर्मी याचा आकडा) पण बघून घ्या, कारण तेवढाच अमोनिया pH 7 ला असतो त्याच्या जवळपास दहापट घातक pH 8 ला होतो, बऱ्याच जणांना हे माहीतच नसतं.

नवीन पाण्यात डीक्लोरिनेटर (नळाच्या पाण्यातला क्लोरीन घालवणारं द्रावण) टाकल्याशिवाय ते टाकीत ओतू नका. पाणी रात्रभर उघडं ठेवलं की क्लोरीन उडतो हे खरंय, पण क्लोरामाइन (क्लोरीन आणि अमोनियापासून बनलेलं जंतुनाशक) असेल तर तो तसा जात नाही, आणि दोन्ही माशांना आणि बॅक्टेरियांना मारक आहेत. नवीन पाण्याचं तापमान टाकीच्या पाण्याएवढंच ठेवा.

खाद्य एकदम कमी करा. दिवसाआड, आणि दोन मिनिटांत संपेल एवढंच. मासे मागतात, काचेपाशी येऊन नाचतात, तरी द्यायचं नाही, मोठे निरोगी मासे काही दिवस सहज उपाशी राहतात. फिल्टर चोवीस तास चालू ठेवा, रात्री आवाज येतो म्हणून बंद केला तर ऑक्सिजनशिवाय बॅक्टेरिया मरायला लागतात. स्पंज चोंदलाच तर बाहेर काढलेल्या टाकीच्या पाण्यात हलकेच पिळा, नळाखाली कधीच नाही, तो तपकिरी चिकट थर घाण वाटतो पण त्यातच तर तुमचे बॅक्टेरिया आहेत.

सगळ्यात चांगला शॉर्टकट म्हणजे ओळखीत कुणाची जुनी, निरोगी टाकी असेल तर त्यांच्या फिल्टरमधला स्पंजचा तुकडा मागून आणा, ओला ठेवूनच आणा आणि लगेच तुमच्या फिल्टरमध्ये घाला. कधीकधी आठवड्याभरात फरक पडतो. बाटलीतल्या बॅक्टेरियांचा अनुभव मिश्र आहे, काही चालतात काही नाही, त्यावर विसंबून टेस्ट करणं सोडू नका.

एखाद्या माशाच्या अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके दिसले आणि तो खडीला अंग घासत असेल तर मात्र तो इक, म्हणजे परजीवीमुळे होणारा पांढऱ्या ठिपक्यांचा रोग आहे, त्याला औषध लागतंच. पण पॅकेटवर लिहिलेला डोस बघून, आणि फिल्टरमधला कार्बन काढून, नाहीतर कार्बन औषध शोषून घेतो.

आणि मेलेल्याच्या जागी नवीन मासे आत्ता आणू नका, ही माझी खरंच कळकळीची विनंती. अमोनिया आणि नायट्राइट आठवडाभर शून्य राहू द्या, मग थोडे थोडे आणा, शक्य असेल तर वेगळ्या छोट्या टाकीत दोन-तीन आठवडे ठेवून. निऑन टेट्रा आणि कोरीडोरास सहा-सहाच्या गटात चांगले राहतात, पण निऑनसोबत मोठा एंजलफिश ठेवलात तर तो त्यांना खाऊन टाकतो, आणि गोल्डफिशला थंड पाणी लागतं नि तो घाण खूप करतो, त्याला या टाकीत घेऊ नका. आज टेस्ट केलीत की अमोनिया, नायट्राइट, pH, टाकी किती लिटरची आणि कोणते किती मासे आहेत ते इथेच लिहा, मग किती पाणी बदलायचं ते नेमकं सांगता येईल.